मदत हवी आहे: रॉक क्लबच्या मालकाविषयी लेखनसाहित्य

नमस्कार. न्यूयॉर्कमधील 'सीबीजीबी' या रॉक क्लबचे मालक हिली क्रिस्टल यांच्यावर मी दीर्घ लेख लिहीत असून, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. १९७३ मध्ये बाउरी या तेव्हाच्या बकाल रस्त्यावर त्यांनी हा क्लब उघडला तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज संगीतासाठी. प्रत्यक्षात तेथे रमोन्स, टेलिव्हिजन, ब्लाँडी यांसारखे बँड पुढे आले आणि तो पंक रॉकचे (वेगवान, आक्रमक आणि साध्या धाटणीच्या रॉक संगीताचे) माहेरघर ठरला. बँडने स्वतःचीच गाणी वाजवावीत, हा त्यांचा दंडक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण लोकप्रिय गाणी वाजवून घेऊन गल्ला भरणे कोणत्याही मालकाला अधिक सोयीचे असते. जागेच्या भाड्यावरून वाद झाल्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये क्लब बंद पडला; पुढच्याच वर्षी क्रिस्टल यांचे निधन झाले.

अडचण अशी की, बँडविषयी (आणि तेथील कुप्रसिद्ध स्वच्छतागृहाविषयी!) हवा तेवढा मजकूर मिळतो, परंतु मालकाचा रोजचा व्यवहार, म्हणजे तिकिटाच्या पैशांची बँडशी होणारी वाटणी, बारची कमाई, परवाने, शेजाऱ्यांच्या तक्रारी, यांविषयी फारसे हाती लागत नाही. त्यांच्या सविस्तर मुलाखती किंवा समकालीन वृत्तपत्रीय लेख कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.