फ्रीज बंद, तक्रार मात्र 'सोडवली'. पुढे काय करू?

मोती तलाव

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज सकाळी पाचव्यांदा तोच मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे'. त्या वेळी मी मोरीत उभी राहून नासलेलं दूध ओतत होते.

आम्ही सावंतवाडीत राहतो, मी आणि आई. आईला चौदा वर्षं मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. त्यामुळे आमच्या घरात फ्रीज ही चैन नाही. २०२३ च्या दसऱ्याला एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीचा २८,५०० रुपयांचा दोन दारांचा फ्रीज घेतला. दुकानदाराने आग्रह केला म्हणून वर २,८०० रुपये भरून तीन वर्षांची वाढीव वॉरंटीसुद्धा घेतली.

यंदा ११ एप्रिलला खालचा कप्पा गार होईना. कंपनीला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा म्हणतात, दाबलं की पलीकडून हिंदीच. चालेल, हिंदीत सांगितलं. सहा दिवसांनी कुडाळहून मुलगा आला. मागे हात लावून पाहिला, म्हणाला गॅस गेलाय, सामान घेऊन येतो. निघताना मोबाईलवर आलेला चार आकडी कोड मागितला. 'मी येऊन गेल्याची नोंद करायला लागतो' असं म्हणाला. मी दिला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत मेसेज आला, तक्रार सोडवली.

पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. दुसऱ्या वेळी दुसरा माणूस आला, 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे' म्हणाला. स्टॅबिलायझर दाखवला तर गप्प बसला. तिसऱ्या वेळी गॅस भरला आणि २,४०० रुपये घेतले. वॉरंटीत फक्त कॉम्प्रेसर येतो, गॅस येत नाही, असं सांगितलं. पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर गूगल पे केले, पावती दिली नाही. नऊ दिवस फ्रीज चालला, दहाव्या दिवशी आत परत कोमट. त्यानंतरच्या दोन तक्रारींना तर कुणी आलंच नाही, तरी त्याही 'सोडवल्या'.

आज ३० मे. पन्नास दिवस होत आले. इन्सुलिनच्या न उघडलेल्या दोन बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. आता नव्या बाटल्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये असतात आणि चालू बाटली मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूवर. नवी बाटली आणायला रात्री आठला काकूंची बेल वाजवताना आईला संकोच वाटतो. तिच्या तोंडावर दिसतं ते, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

कॉल सेंटरवरच्या मुलांवर मी ओरडत नाही. त्यांच्या हातात काही नसतं, 'चोवीस तासांत सुपरवायझर फोन करतील' एवढंच ती सांगू शकतात. पण ज्याच्या हातात काही आहे, असा माणूस या कंपनीत आहे तरी कुठे? त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? ग्राहक कोर्टात जायचं तर वकील लागतो का? जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, खेपा घालाव्या लागतील का? शाळेतली नोकरी आहे, रजा मोजक्याच उरल्यात. की गप्पपणे नवा फ्रीज घेऊ?

रानजाई

वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे वॉशिंग मशीनच्या वेळी हेच झालं होतं. सोशल मीडियावर कंपनीला टॅग करून फोटो टाका. दोन तासांत उत्तर येतं.

मोती तलाव

टाकलं होतं, रानजाई. उत्तर दोन तासांत नाही, वीस मिनिटांत आलं. 'तुमचा नंबर आम्हाला खाजगीत पाठवा.' पाठवला. त्यातूनच पाचवी तक्रार नोंदली गेली, आणि आज सकाळी तीच बंद झाली.

पाना पक्कड

ताई, मी अकरा वर्षं फ्रीज-एसीचं काम केलं. त्यातली चार वर्षं एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होतो, इचलकरंजीला. आता स्वतःचं काम करतो. आधी कोडबद्दल सांगतो, कारण घोळ तिथेच आहे.

तो कोड माणूस येऊन गेल्याची नोंद नाही. 'काम झालं, मी समाधानी आहे' अशी ती तुमची सही आहे. आम्ही त्याला हॅपी कोड म्हणायचो. सर्व्हिस सेंटर हे बहुतेक वेळा कंपनीचं नसतं, ठेकेदाराचं असतं. मी होतो तिथे बंद झालेल्या कॉलमागे पैसे मिळायचे आणि कॉल ठराविक दिवसांपेक्षा जास्त उघडा राहिला की कापले जायचे. संध्याकाळी मालक विचारायचा, आज किती क्लोज केले? किती दुरुस्त केले, हे कधी विचारलं नाही. मीसुद्धा असे कोड घेतलेत. त्याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

आता फ्रीजचं. गॅस संपत नसतो. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो, वीस वर्षं फिरू शकतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. गळती न शोधता गॅस भरला तर तो पुन्हा जाणार, तुमचा दहाव्या दिवशी गेला तसा. खरं काम म्हणजे नायट्रोजनचं प्रेशर देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधायची, ती बंद करायची, फिल्टर ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा धरतो तो) नवा टाकायचा, पंपाने व्हॅक्यूम काढायचं आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६०० ए नावाचा गॅस असतो. तो लागतो जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, आणि तो ज्वालाग्राही असतो. तिसऱ्या वेळच्या माणसाकडे व्हॅक्यूम पंप आणि काटा होता का, आठवून पाहा.

आणखी एक. फ्रीजच्या दाराच्या चौकटीवर पाणी धरू नये म्हणून तिच्या आतून गरम गॅसची नळी फिरवलेली असते. गळती तिथे किंवा बाजूच्या पत्र्याआड असेल तर घरी बसून नीट दुरुस्ती होणं कठीण. अशा वेळी फ्रीज बदलून मागा. समुद्राजवळच्या खारट हवेत सांधे लवकर गंजतात हे खरं, पण कंपनी कोकणात माल विकते तेव्हा तिला हवा माहीत असतेच.

यापुढे कोड द्यायचा नाही. जॉब शीटवर, म्हणजे तो भरतो त्या कामाच्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहा, 'फ्रीज थंड होत नाही, काम अपूर्ण', तारीख-वेळ घाला आणि त्याची सही घ्या. फोटो काढा.

निवृत्त टपाल

मी डोंबिवलीत ग्राहक संघटनेचं काम करतो, बारा वर्षं झाली. टपाल खात्यातून निवृत्त झालो. पाना पक्कड यांनी जे सांगितलंत ते आतल्या माणसाशिवाय कुणी सांगत नाही, आभार.

नवा फ्रीज घ्यायचा तर आईंच्या औषधासाठी जरूर घ्या, पण जुना सोडू नका आणि तक्रारही सोडू नका.

आधी १९१५ लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही, ते तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे पाठवतात. पण तुम्ही विचारलंत ना, हातात काही असलेला माणूस कुठे आहे? पुष्कळदा तो या वाटेने सापडतो. पाचही तक्रार क्रमांक तारखांसह सांगा.

त्याच दिवशी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. पत्ता वॉरंटी कार्डावर असतो. दुकानदार आणि वाढीव वॉरंटी देणारी कंपनी यांनाही प्रत. ही वॉरंटी पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीची असते, मग दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात. पंधरा दिवसांची मुदत द्या. पोच जपून ठेवा, माझं अर्धं आयुष्य त्या पोचेच्या कागदात गेलं, त्याची किंमत मला माहीत आहे.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे तुम्ही म्हणता ते ग्राहक कोर्ट. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो, तेव्हा ओरोसच्या सगळ्याच खेपा पडतील असं नाही. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. तसा तो लागेलच असं मी सांगणार नाही, मी वर्ष-दोन वर्षं थांबलेली माणसं पाहिली आहेत. समोरच्याला मात्र लेखी उत्तराला तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवसच मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केलं आहे.

इन्सुलिनच्या बाटल्यांची बिलं शोधून ठेवा. आणि वाढीव वॉरंटीचा कागद शब्द न् शब्द वाचा. बारीक अक्षरातला.

मोती तलाव

काका, कागद काढला. चष्मा लावून आईनेच वाचला. दुसऱ्या पानावर ओळ आहे: 'गॅस चार्जिंग व मजुरीसह'. म्हणजे ते २,४०० रुपये घ्यायचे नव्हतेच.

पाना पक्कड दादा, पंप नव्हता, काटाही नव्हता. एक लहान डबा होता. वीस मिनिटांत गेला तो.

मोती तलाव

सोळा दिवसांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, तेव्हा पुढचं कळवायलाच हवं.

२ जूनला १९१५ वर तक्रार नोंदवली, पत्रंही टाकली. चौथ्या दिवशी कोल्हापूरहून कंपनीच्या माणसाचा फोन आला. पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःचं नाव आणि थेट नंबर दिला. दोन दिवसांनी तो स्वतः आला, सोबत नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन. गळती दाराच्या चौकटीच्या आतच निघाली. 'घसारा वजा करून रक्कम परत देतो' म्हणाला. मी वाढीव वॉरंटीचा कागद आणि जॉब शीटचा फोटो पुढे ठेवला, बदलून द्या म्हटलं. त्याने बाहेर जाऊन फोनवर अर्धा तास बोलणं केलं.

काल संध्याकाळी नवा फ्रीज आला. लावून झाल्यावर पोराने सवयीने हात पुढे केला, 'मॅडम, कोड.' मी काही बोलायच्या आत आई खुर्चीवरून म्हणाली, 'कोड फाल्या सकाळी. आदी बरफ होवंदे.' तो हसला, आणि खरंच आज सकाळी साडेनऊला परत आला. ट्रेमध्ये बर्फ होता. कोड दिला.

गॅसचे २,४०० आणि बाटल्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. 'वरून मंजुरी यायची आहे' असं सांगतात. त्यांनी पाठवलेल्या कागदावर 'सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले' असं छापलंय, तो मी सही न करता ठेवलाय. काका, आयोगाकडच्या तक्रारीत दुकानदारालाही पक्षकार करायचं ना? मसुदा रविवारी लिहिते.

निवृत्त टपाल

हो, तिघांनाही करा. सही केली नाहीत ते फार बरं झालं. कॉल रेकॉर्ड होतो असं तेच दर वेळी सांगतात, तेव्हा तुमच्या सगळ्या कॉलची रेकॉर्डिंग हजर करावीत अशी मागणी मसुद्यात घाला. लिहून झालं की इथे टाका, नाव-नंबर झाकून. वाचून देतो.