मदत हवी आहे: बायोप्सीत पी५३ पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे पसरलाय का?

करीरोडकर
रिपोर्ट आज संध्याकाळी हातात आला. पी५३ पॉझिटिव्ह, केआय-६७ ४० टक्के, पी१६ निगेटिव्ह. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येणार. रिसेप्शनवरची बाई म्हणते त्यांनाच विचारा. नेटवर एके ठिकाणी लिहिलंय पी५३ पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर, दुसरीकडे म्हणे पसरलेला कॅन्सर, तिसरीकडे भलतंच. मला एवढंच सांगा, पसरलाय की नाही? घरात अजून कुणाला बोललेलो नाही. लंबीचौडी माहिती नको, कुणाला नक्की ठाऊक असेल त्यानेच लिहा. मी जागा आहे.

स्लाइडवाली
रिपोर्ट कुणाचा? वय काय? तुकडा कुठून घेतला, गाल, जीभ की हिरडी? आणि मुख्य म्हणजे ‘डायग्नोसिस’ किंवा ‘इम्प्रेशन’ असं लिहिलेल्या ओळीत काय आहे? तुम्ही दिलेली तीन नावं त्या ओळीशिवाय वाचता येत नाहीत. मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून विचारतेय.

शहाडचे_काका
गुटखा खातात का ते आधी सांगा. माझ्या साडूला असंच झालं होतं. गाल कापला, मांडीची कातडी लावली, रेडिएशन झालं. आज सात वर्षं झाली, पोळी चुरून खातो पण खातो. घाबरू नका. त्याच्या रिपोर्टात हे पी-बी काही नव्हतं, सरळ कार्सिनोमा लिहिलं होतं.

अभ्यासू_पार्ले
पी१६ निगेटिव्ह ही चांगली बातमी नाही. पी१६ पॉझिटिव्ह असलेले रुग्ण उपचारांना चांगला प्रतिसाद देतात, हे आता सर्वमान्य आहे. शिवाय पीडी-एल१ ही प्रथिनाची चाचणी केलेली दिसत नाही. लॅबला सांगून त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यावर, पीडी-एल१ करून घ्या, आजकाल इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, त्यावरच ठरते. वेळ घालवू नका.

करीरोडकर
भावाचा आहे. मोठा भाऊ, ४१. डावा गाल आतून. तंबाखू नाही, सिगारेट नाही, दारू नाही. म्हणूनच काही कळत नाही. पार्लेकर, म्हणजे पी१६ निगेटिव्ह म्हणजे वाईट का?

स्लाइडवाली
नाही. अभ्यासू, तुम्ही सांगताय ते घशाच्या मागच्या भागाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरबद्दल आहे. तिथे एचपीव्ही विषाणूमुळे होणारा कॅन्सर वेगळा धरतात आणि पी१६ ही त्याची खूण. गालाच्या कॅन्सरची स्टेज पी१६ वरून ठरत नाही. आपल्याकडे गाल-हिरडीच्या पट्ट्यात जे होतं ते बहुतेक तंबाखू वगैरे चघळण्यातून येतं, तिथे पी१६ निगेटिव्ह येणं नेहमीचंच. पीडी-एल१ पाहतात ते मुख्यतः आजार उलटला किंवा लांब पसरला असेल तेव्हा. इथे कॅन्सर आहे की नाही हेच अजून कुणाला माहीत नाही, आणि तुम्ही भावाला इम्युनोथेरपीपर्यंत नेऊन पोचवलंत.

अभ्यासू_पार्ले
मी सर्वसाधारण माहिती दिली. रुग्णाने सगळे पर्याय माहीत करून घ्यावेत एवढंच म्हणणं आहे. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं की २० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसचं निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं तरी फायदा होतो. आपल्याकडच्या रुग्णांना परवडेल असा मार्ग आहे.

स्लाइडवाली
तो अभ्यास मोलाचाच आहे. पण तो अशा रुग्णांवरचा आहे ज्यांचा आजार बरा करण्याच्या टप्प्यापलीकडे गेला होता. रात्री एकटा बसलेला माणूस असं काही वाचून काय समजेल याचा विचार करा.

मंजिरी_ठाणे
करीरोडकर, माझ्या आईसाठी आम्ही हळद, काळी मिरी आणि देशी गाईचं तूप सुरू केलं होतं, तोंडातला पांढरा चट्टा बराच फिका झाला. हळदीतला कर्क्युमिन पी५३ वर काम करतो असं खूप ठिकाणी छापून आलंय. शस्त्रक्रियेची घाई करू नका, एकदा चाकू लागला की पसरतो म्हणतात.

स्लाइडवाली
मंजिरीताई, शेवटचं वाक्य कृपा करून परत कुठे लिहू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. या एका समजुतीपायी माणसं सहा-सहा महिने घरी बसतात आणि मग जबडा काढायची वेळ येते. हळद जेवणात खुशाल खावी, बायोप्सीच्या जागी ती चालत नाही.

निवृत्त_दंतवैद्य
करीरोडकर, एक साधा प्रश्न. तंबाखू नाही म्हणता, मग सुपारी? पुडीतली गोड सुपारी, पान, मावा? आणि भावाचं तोंड किती उघडतं? आरशासमोर त्याची स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का बघा.

करीरोडकर
सुपारी खातो. गोदामात काम करतो, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून पुड्या ठेवतो खिशात. पण ती साधी सुपारी आहे, तंबाखूवाली नाही. तोंडाचं म्हणाल तर दोन बोटं, तीही ओढून. वडापाव हाताने दाबून चपटा करून खातो, आम्हाला वाटायचं अक्कलदाढेचं काहीतरी असेल. तिखट अजिबात सहन होत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. पण माझा प्रश्न सुपारीचा नाहीये, पसरलाय का हा आहे.

निवृत्त_दंतवैद्य
तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सुपारीतच आहे, म्हणून विचारलं. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये ठामपणे सांगितलं आणि सुपारीला पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. सुपारीतलं अरेकोलिन हे रसायन गालाच्या आतल्या पेशींना जास्त कोलॅजन, म्हणजे तंतूंचं प्रथिन, बनवायला लावतं, आणि सुपारीत तांबं भरपूर असल्याने ते कोलॅजन घट्ट विणणारं एन्झाइम जोर धरतं. गालात दोरीसारखे पट्टे तयार होतात, तोंड उघडेनासं होतं, तिखट झोंबतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. बरोबर चुना असेल तर आणखी वाईट, सुपारीतल्या रसायनांतून पेशींच्या डीएनएला इजा करणारे घटक तयार होतात.
या आजाराचं नीट वर्णन मुंबईतच १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी केलं होतं. १९५६ मध्ये टाटाच्या डॉ. पेमास्टर यांनी त्यातून कॅन्सर होतो असं लिहिलं. एर्नाकुलममध्ये अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही, पण सोडून देण्याइतकी ही गोष्ट लहानही नाही. मी दवाखाना बंद केला तेव्हा माझ्याकडे विशी-पंचविशीतली मुलं या तक्रारीने यायला लागली होती, सगळी ‘फक्त सुपारी’वाली. त्या पुड्या किराणाच्या दुकानात चॉकलेटांच्या बरणीशेजारी लटकतात. मला त्याचा फार संताप येतो.

विदर्भाचा_पाहुणा
आमच्याकडे खर्रा आहे, सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला, त्याबद्दल कुणी बोलतच नाही. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण पानठेल्यावर काय मिळत नाही ते सांगा.

शहाडचे_काका
बंदीचं राहू द्या हो. लोक मिश्री लावतात तीही तंबाखूच ना? माझी आई रोज सकाळी लावायची.

विदर्भाचा_पाहुणा
लावायचीच, काका. पण खर्रा शाळकरी पोरं खातात, फरक आहे.

करीरोडकर
मिश्री-खर्ऱ्यासाठी कृपया वेगळा धागा काढा. माझ्याकडे दोन दिवस आहेत आणि मला भावाला काय सांगायचं ते कळत नाहीये. पी५३ बद्दल कुणी नीट सांगेल का?

स्लाइडवाली
सांगते. पी५३ हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या पेशींत असतं. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, दुरुस्ती नाही जमली तर पेशीला मरायला लावतं. निरोगी पेशीत ते तयार होताच मोडलं जातं, त्यामुळे स्लाइडवर त्याचा रंग फारसा दिसत नाही. तंबाखू-सुपारीच्या माऱ्यात त्याचा जीन बिघडला की बिघडलेलं प्रथिन मोडलं जात नाही, केंद्रकात साठतं आणि केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. रिपोर्टात बहुतेक त्यालाच पॉझिटिव्ह म्हटलंय. कधी जीन असा तुटतो की प्रथिन बनतच नाही आणि स्लाइड पूर्ण कोरी येते. तेही बिघाडाचंच लक्षण, म्हणून नुसता पॉझिटिव्ह-निगेटिव्ह शब्द पुरत नाही, कुठल्या थरात आणि कसा रंग आहे ते लागतं.
केआय-६७ विभाजन चालू असलेल्या पेशींत दिसतं. तोंडाच्या अस्तरात ते तळाच्या थरांजवळ असायला हवं. वरच्या थरांत सापडलं तर वाढीवरचं नियंत्रण सुटलंय. ४० हा आकडा कुठला भाग मोजला त्यावर खूप बदलतो.
ही दोन्ही प्रथिनं ‘पेशी बिघडल्यात’ एवढं सांगतात. ‘पसरलाय’ हे त्यातलं एकही सांगत नाही. ते कळतं मान चाचपून, स्कॅन करून, आणि कॅन्सर असलाच तर शस्त्रक्रियेनंतर तो किती मिलिमीटर खोल गेला, मानेतल्या गाठींत सापडला का, यावरून. आता तरी ती डायग्नोसिसची ओळ जशीच्या तशी टाइप करा. शेवटची टीपसुद्धा, बारीक अक्षरात असली तरी.

करीरोडकर
लिहितो, इंग्रजीत आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.
‘मॉडरेट टू सिव्हिअर एपिथेलियल डिसप्लेशिया इन अ बॅकग्राउंड ऑफ ओरल सबम्युकस फायब्रोसिस. पी५३ स्ट्राँग, सुप्राबेसल.’ खाली टीप आहे: ‘बायोप्सी सुपरफिशियल. इन्व्हेजन कॅनॉट बी एक्सक्लूडेड. डीपर बायोप्सी अँड क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड.’
यात कॅन्सर हा शब्दच नाहीये. म्हणजे नाही ना?

स्लाइडवाली
पूर्ण रिपोर्ट हा आहे. वरची प्रथिनं नाहीत, ही टीप.
या तुकड्यात कॅन्सर दिसलेला नाही, कॅन्सरच्या आधीचा बिघाड, म्हणजे डिसप्लेशिया, दिसलाय, तोही मध्यम ते तीव्र. ‘सुप्राबेसल’ म्हणजे पी५३ चा रंग तळाच्या थराच्या वरही आहे. पण तुकडा वरवरचा निघाला, त्यामुळे खाली काय आहे, बिघाड खोल शिरलाय का (‘इन्व्हेजन’ म्हणजे तेच), ते त्यांना पाहताच आलं नाही. पेटीतला वरचा आंबा बघून खालच्या थराबद्दल बोलता येत नाही, तसं झालंय. म्हणून ‘नाही’ असं मी म्हणणार नाही, आणि ‘आहे’ असंही नाही. दुसरी, खोल बायोप्सी लागेल. सोमवारच्या भेटीत पहिला प्रश्न हाच: कधी करायची?

निवृत्त_दंतवैद्य
सहमत. त्यात भर: तोंड दोन बोटंच उघडतं म्हणजे मागच्या बाजूपर्यंत पोचणं साध्या खुर्चीवर अवघड असतं, तुकडा वरवरचा निघण्याचं तेही कारण असू शकतं. हे काम तोंडाच्या शस्त्रक्रिया किंवा डोकं-मान कॅन्सरचं काम रोज करणाऱ्याकडे करा. तुम्ही करी रोडला आहात, परळ पायी आहे, टाटा तिथेच. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालयही आहे. आणि दुसरा गाल, जिभेची खालची बाजू, दोन्हीकडच्या हिरड्या हे सगळं तपासायला सांगा. सुपारीचा रस एकाच जागी राहत नाही.

मंजिरी_ठाणे
मी आधीचं मागे घेत नाही, आईला गुण आला होता. पण तिचा तुकडा काढला होता आणि त्यात डिसप्लेशिया नव्हता हे खरं. तुमचं वेगळं आहे, खोल बायोप्सी करून घ्या.

शहाडचे_काका
बाहेरगावचे कुणी असतील तर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची सोय होते. पुढे शस्त्रक्रिया लागली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं बघून ठेवा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

करीरोडकर
आम्ही इथलेच काका, पण कार्डाचं बरं झालं सांगितलंत. स्लाइडवाली ताई, एकच. भावाला उद्या सांगणार आहे. सुपारी आजच बंद केली तर फायब्रोसिस आणि हा बिघाड परत फिरतो का?

स्लाइडवाली
फायब्रोसिस पूर्ण परत फिरत नाही, पण थांबवता येतो, आणि तोंड उघडण्याचे व्यायाम व उपचारांनी थोडं सुधारतं. डिसप्लेशिया कधी कमी होतो, कधी तसाच राहतो, कधी पुढे जातो. पुढे जाण्याचा धोका कमी करायचा तर सुपारी बंदच. एखादी कमी करणं नाही, बंद. रात्रपाळीत जमत नसेल तर तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय मदतलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे. सुपारीबद्दलही विचारा, सवय सोडवण्याची पद्धत बरीचशी तीच असते. त्याला ‘तुला कॅन्सर आहे’ असं सांगू नका आणि ‘काही नाही’ असंही नको. ‘तुकडा पुरेसा खोल आला नाही, दुसरा घ्यायचाय’ एवढंच खरं आहे, तेवढंच सांगा.

करीरोडकर
ठीक. टाटाला जाताना हाच रिपोर्ट चालेल का?

स्लाइडवाली
रिपोर्टबरोबर स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्या. मोठ्या केंद्रांत बाहेरची बायोप्सी त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात, आणि ब्लॉक असेल तर त्यातून नवे काप घेऊन आणखी खोलात पाहता येतं. कधी तेवढ्यानेही खुलासा होतो. लॅबकडे लेखी अर्ज आणि भावाचं ओळखपत्र लागेल, पावती जपून ठेवा. ब्लॉक फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, फक्त उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. स्लाइड्स डबीतच ठेवा, काच फुटते.