एक्सेलमधील मराठी यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नेताना अक्षरे बिघडतात

प्रश्न

नागपूर जिल्ह्यातील संत्रा उत्पादकांच्या एका संस्थेचे हिशेबाचे काम मी सीताबर्डीच्या कार्यालयातून पाहतो. काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या तालुक्यांतील सभासदांची यादी एक्सेल २०१० मध्ये आहे. ती ज्या प्रणालीत भरावयाची आहे, ती प्रणाली टॅबने रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइलच स्वीकारते. 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'टेक्स्ट (टॅब डिलिमिटेड)' निवडून फाइल काढली असता बहुतेक ओळींतील नावे, गावे आणि रकमेपुढील ₹ हे चिन्ह यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आली. इंग्रजी अक्षरे व आकडे मात्र शाबूत राहिले. काटोलकडून काही वर्षांपूर्वी आलेल्या नोंदींचे वेगळेच झाले आहे. एक्सेलमध्ये व्यवस्थित दिसणारे तेथील मराठी नव्या फाइलमध्ये रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन बसले आहे. एकाच यादीत असे दोन प्रकार कसे होतात, आणि त्यावर उपाय काय?

उत्तर १

आधी प्रश्नचिन्हांविषयी. आपण निवडलेला प्रकार मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, न ठेवता विंडोजच्या जुन्या संकेतपत्रकानुसार, म्हणजे चिन्हे व त्यांचे क्रमांक यांच्या तक्त्यानुसार, लिहितो. आपल्याकडील बहुतेक संगणकांवर हे पत्रक १२५२ क्रमांकाचे, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे असते आणि त्यात जास्तीत जास्त २५६ चिन्हे मावतात. देवनागरीला त्यात स्थानच नाही, आणि ₹ हे चिन्ह तर युनिकोडमध्येच २०१० साली आले. ज्या चिन्हाला जागा नाही त्याच्याऐवजी एक्सेल प्रश्नचिन्ह लिहून मोकळे होते. 'काटोल' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसत असला तरी क, काना, ट, ओकार आणि ल अशी पाच चिन्हे साठवलेली असल्यामुळे आपल्या फाइलमध्ये तेथे पाच प्रश्नचिन्हे दिसतील.

यातली महत्त्वाची बाब अशी की, त्या फाइलमध्ये आता खरोखरच प्रश्नचिन्हे साठवली गेली आहेत. कोणताही फॉन्ट किंवा रूपांतरक त्यांतून नाव परत काढू शकत नाही, म्हणून ती फाइल टाकून द्यावी आणि मूळ एक्सेल फाइल जपावी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत असता, तर गोष्ट निराळी होती. तेव्हा मजकूर सुखरूप असतो, फक्त तो चुकीच्या पत्रकानुसार वाचला जात असतो.

यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवण्याच्या दोन पद्धती आहेत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार एक्सेल २०१० मध्ये नाही, शिवाय तो रकाने टॅबऐवजी स्वल्पविरामाने वेगळे करतो. म्हणून आपण 'युनिकोड टेक्स्ट' निवडावे. ती फाइल टॅबचीच असते, पण यूटीएफ-१६ मध्ये असते. नोटपॅडमध्ये ती उघडून 'सेव्ह अ‍ॅज'च्या खिडकीत खाली 'एन्कोडिंग' येथे यूटीएफ-८ निवडावे आणि नव्या नावाने जतन करावे. ₹ हे चिन्ह मी तर पाठवणारच नाही. रकमेच्या रकान्याचे स्वरूप 'जनरल' करून शीर्षकात 'रक्कम (रुपये)' लिहिले की काम भागते.

उत्तर २

काटोलच्या नोंदी बहुधा कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असाव्यात. या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरे रोमनच असतात, त्यांवर केवळ मराठी आकार चढवलेले असतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फॉन्टची माहिती जात नसल्यामुळे आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. खात्री करायची असेल तर एक्सेलमध्ये त्या नावावर टिचकी द्या आणि वरच्या फॉर्म्युला बारकडे पाहा. तेथे मराठी न दिसता रोमन अक्षरे दिसली, तर शंका उरत नाही.

अशा मजकुराला मंगल किंवा निर्मला फॉन्ट लावून काहीही साधत नाही, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतरच करावे लागते. ते फाइल काढण्यापूर्वी, एक्सेलमध्ये असतानाच, आणि फक्त मराठी रकान्यांपुरते करावे. अख्खी ओळ रूपांतरकात टाकली तर पॅन क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी संकेतही तो इमानेइतबारे देवनागरीत बदलून टाकतो! रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्य' एकदा डोळ्यांखालून घालावेत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. फॉर्म्युला बारमध्ये खरोखरच रोमन अक्षरे दिसली. रूपांतर सुरू केले आहे. उरलेल्या यादीची फाइल नोटपॅडमध्ये उत्तम दिसते, मात्र 'सभासद क्रमांक' हा पहिला रकाना सापडत नसल्याचे प्रणाली सांगते. तसेच शेऱ्याच्या रकान्यातील 'दुसऱ्या हप्त्यात' हे शब्द आत गेल्यावर काही ओळींत 'दुसर्या हप्त्यात' असे होतात, काही ओळींत मात्र होत नाहीत. कार्यालयातील संगणकावर विंडोज ७ आहे.

उत्तर ३

पहिल्या अडचणीचे कारण विंडोज ७ मध्येच आहे. तेथील नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण घालते. तिला बीओएम म्हणतात. आपली प्रणाली ती खूण शीर्षकाचाच भाग समजत असल्यामुळे तिला तो रकाना ओळखता येत नाही. २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅडमध्ये खुणेसह आणि खुणेविना असे दोन स्वतंत्र पर्याय मिळतात. संगणक बदलणे शक्य नसेल तर मूळ फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडावी, 'टेक्स्ट सीएसव्ही' प्रकार निवडून 'एडिट फिल्टर सेटिंग्ज'वर खूण करावी, आणि पुढच्या खिडकीत यूटीएफ-८ व टॅब निवडावे. नोटपॅडची गरजच राहत नाही.

'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आपली प्रणाली अदृश्य चिन्हे गाळत असावी, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या नोंदींत रफार उमटतो. बिघडणाऱ्या एका नोंदीतील र, हलन्त व जोडचिन्ह एवढाच भाग उचलून 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये द्यावा आणि त्याजागी नुक्त्याचा ऱ व हलन्त घालावा. फाइल काढण्याआधी हे केले की नोंदी एकसारख्या होतात.

तयार फाइल तपासण्यासाठी ती एक्सेलमध्ये सरळ उघडून पुन्हा जतन करू नये, कारण गट क्रमांक ७/२ असेल तर एक्सेल त्याची तारीख करून ठेवते. पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहावी; एक्सेलच हवे असेल तर आयातीच्या खिडकीत ६५००१ हे यूटीएफ-८ चे पत्रक निवडून गट क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' ठरवावा.