सल्ला हवा: कमी ऐकू येणाऱ्यांना आणि चक्कर येणाऱ्यांना खेळता येतील असे हॉरर गेम

पायरव:
मला लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र वापरते, पण त्यावर हेडफोन चढवला की शिट्टी वाजायला लागते. भुताखेतांच्या गोष्टी मात्र जीव की प्राण. आता धाकट्या भावाबरोबर एखादा हॉरर अ‍ॅडव्हेंचर गेम खेळायचाय. अडचण अशी की या गेममध्ये अर्धी माहिती कानातूनच मिळते. मागे कुणीतरी चालतंय, वरच्या मजल्यावर काहीतरी सरकलं, कपाटाआड कुणीतरी श्वास घेतंय. ज्याला ऐकू येतं तो लपतो, मी काय झालं ते कळायच्या आत मेलेली असते. सबटायटल लावले तर फक्त संवाद दिसतात, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत.

भावाची तऱ्हा वेगळी. कॅमेरा जरा गदगद हलला की त्याला मळमळतं.

प्लेस्टेशन ५ आणि पीसी, दोन्ही आहेत. भीती कमी केलेला गेम नकोय. आम्हाला व्यवस्थित घाबरायचंय.

कंदील:
डोळे झाकून 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' घ्या. २०२० चा आहे, ६० पेक्षा जास्त अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग (अपंगत्व असलेल्यांनाही खेळता यावं म्हणून दिलेल्या सोयी) आहेत आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्स या गेमच्या वार्षिक पुरस्कारांमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीसाठी पहिल्यांदाच ठेवलेलं बक्षीस यालाच मिळालं. दृष्टी, श्रवण आणि हालचाल असे तीन तयार संच दिलेत. श्रवणाचा संच निवडलात की बरंच काही एकदम चालू होतं. सबटायटलमध्ये बोलणाऱ्याचं नाव येतं आणि तो स्क्रीनबाहेर असेल तर कुठल्या बाजूला आहे त्याचा बाण येतो. शत्रूला तुमचा सुगावा लागत असेल तर त्याच्या दिशेला खूण भरत जाते. मारामारीतल्या इशाऱ्यांसाठी कंट्रोलर थरथरतो. नायिका गिटार वाजवते त्या प्रसंगांसाठीसुद्धा वेगळं कंपन ठेवलंय!

शिवाय कानोसा घ्यायचं बटण आहेच. ते दाबलं की भिंतीपलीकडच्या माणसांच्या आकृत्या दिसतात. म्हणजे तुम्हाला जे ऐकू येणार नाही ते डोळ्यांना दिसतं, आणि तरी छाती धडधडायची ती धडधडतेच, कारण ते तिकडे आहेत हे कळलं म्हणून ते जात नाहीत.

भावासाठी याच मेनूत कॅमेऱ्याची थरथर आणि मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) कमी करता येतं, स्क्रीनच्या मध्यभागी कायमचा एक पांढरा ठिपका ठेवता येतो. नजर त्या ठिपक्यावर टेकवायची.

घुबड:
कंदील यांच्याशी सहमत. सबटायटलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरेदीच्या आधी हेच बघायला हवं आणि नेमकं हेच कुणी बघत नाही.

सबटायटल आणि कॅप्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सबटायटल म्हणजे संवाद. कॅप्शनमध्ये दाराची करकर, पावलं, काच फुटणं हेही येतं. गेमच्या पानावर 'सबटायटल आहेत' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. कुणाचा तरी न बोलता खेळलेला व्हिडिओ शोधा, आवाज पूर्ण बंद करा आणि दहा मिनिटं बघा. काय चाललंय ते समजलं तर घ्या. अक्षरं मोठी करता येतात का आणि मागे काळी पट्टी टाकता येते का, हेही सेटिंगच्या मेनूत तपासा. धुक्यातल्या प्रसंगात पांढरी अक्षरं पट्टीशिवाय वाचताच येत नाहीत.

आणि हॉररमध्ये कॅप्शन लिहिणं हे फार नाजूक काम आहे. 'मागे पावलं' असं आलं तर अंगावर काटा येतो. तिथेच 'खुन्याची पावलं' लिहिलं की ऐकू येणाऱ्या खेळाडूला जे अजून माहीत नाही ते तुम्हाला आधीच सांगून टाकलं. किंचाळी फुटायच्या सेकंदभर आधी कॅप्शन आली तर सगळंच मुसळ केरात. चांगल्या कॅप्शनने कानाला जेवढं कळतं तेवढंच, त्याच क्षणी सांगावं. याबाबतीत खेळाडूंनी कंपन्यांकडे तक्रारी पाठवायलाच हव्यात. मी पाठवतो.

तळघर:
एक मनापासूनची शंका. 'सोमा' या हॉरर गेममध्ये सेफ मोड लावला की राक्षस मारत नाहीत म्हणे. मरणाची भीतीच गेली तर मग हॉरर उरतं कुठे?

घुबड:
तळघर, 'सोमा' दोन्ही प्रकारे खेळलोय म्हणून सांगतो. तो २०१५ चा गेम, सेफ मोड २०१७ मध्ये आला. त्यात राक्षस गायब होत नाहीत. अंधाऱ्या बोळात तसेच फिरतात, फक्त तुमचा जीव घेत नाहीत. आणि त्या गेममधली खरी भीती राक्षसांची नाहीच. समुद्राच्या तळाशी आपण कोण आहोत आणि 'आपण' म्हणजे नक्की काय, या प्रश्नाची आहे. ती सेफ मोडमध्ये तसूभरही कमी होत नाही. उलट नेहमीच्या मोडमध्ये एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मेलो की भीती जाते आणि वैताग उरतो.

मात्र त्याच कंपनीच्या 'अ‍ॅम्नेशिया: रीबर्थ'मधला अ‍ॅडव्हेंचर मोड वेगळा. तिथे उजेड वाढवलाय, धोका काढलाय आणि काही कोडी वाढवलीत. ज्यांना गोष्ट हवी पण भीती सोसत नाही त्यांच्यासाठी तो आहे. पायरव यांना तो नको.

अमावस्या:
माझे हात थरथरतात. २०१५ च्या मूळ 'अनटिल डॉन'मध्ये काही प्रसंगी कंट्रोलर अजिबात न हलवता धरायचा असतो, आतला सेन्सर हालचाल पकडतो. पात्र लपलंय, समोर ते उभं आहे आणि माझ्या हातामुळे पात्राचा जीव जातो. मी घेतलेला निर्णय चुकून जीव गेला असता तर चाललं असतं, पण हे मनाला फार लागलं.

त्याच स्टुडिओच्या 'द क्वारी'मध्ये (२०२२) त्यांनी हे छान सुधारलं. झटपट बटण दाबायचे प्रसंग सावकाश करता येतात किंवा आपोआप पार पडू देता येतात. बटण भराभर बडवायच्या ऐवजी धरून ठेवता येतं. निर्णय मात्र तुमचेच, आणि ते चुकले की माणसं मरतातच. दोघांनी मिळून खेळायचं तर हा उत्तम. प्रत्येकाने आपापली पात्रं वाटून घ्यायची आणि कंट्रोलर हातोहात द्यायचा. शिवाय हलत्या कॅमेऱ्याचा ताबा आपल्याकडे फार वेळ नसतो, भावाला सोसेल.

बटणंच जड जात असतील त्यांच्यासाठी एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर (२०१८) आणि प्लेस्टेशनचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर (२०२३) आहेत.

कंदील:
भावाबद्दल अजून थोडं. डोळे सांगतात आपण चालतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलोय. या भांडणात मळमळ होते. म्हणून पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेमपेक्षा पात्र पाठीमागून दिसतं ते गेम बहुतेकांना बरे पडतात. पीसीवर फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी स्क्रीनवर किती रुंद दृश्य दिसतं ते) वाढवा, चालताना डोकं हलण्याचा इफेक्ट आणि मोशन ब्लर बंद करा, स्क्रीनपासून लांब बसा. आणि मळमळ सुरू झाली की थांबा, रेटून खेळलं तर वाढत जाते. 'रेसिडेंट ईव्हिल ४'च्या २०२३ च्या रीमेकमध्ये मोशन सिकनेससाठी वेगळा तयार संचच आहे.

अमावस्या:
एक महत्त्वाचं राहिलं. घरात कुणाला लखलखत्या प्रकाशाने फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप होणारा प्रकाश धोक्याचा मानतात, आणि हॉररमध्ये तडतडणारी ट्यूब नाही असा बोळ शोधून सापडत नाही. 'अ‍ॅलन वेक २'मध्ये अचानक अंगावर येणाऱ्या चित्रांची आणि त्यांच्या आवाजाची तीव्रता कमी करायची सोय २०२४ च्या अपडेटमध्ये आली. ती दचकणं कमी करण्यासाठी आहे. फिट टाळण्याची खात्री म्हणून तिच्याकडे बघू नका.

पायरव:
सगळ्यांचे खूप आभार. आधी 'द क्वारी' दोघं मिळून, मग 'पार्ट २' मी एकटी. घुबड, आवाज बंद करून व्हिडिओ बघायची युक्ती आजच करून बघते.

अजून एकच: 'पार्ट २'मध्ये ही सेटिंग लावली तर ट्रॉफी (गेममध्ये ठरावीक कामगिरी केली की मिळणारी बक्षिसं) मिळायच्या बंद होतात का? भाऊ ट्रॉफींवरून फार चिडवतो.

कंदील:
नाही. सगळी सेटिंग लावा, ट्रॉफी सगळ्या मिळतात.