झांजांविना आरती

वेगळे वागणाऱ्या माणसांबाबत पुढची पिढी आपोआपच अधिक समंजस निघेल, अशी आशा अनेकजण व्यक्त करतात. आशा मलाही आहे, पण ‘आपोआप’ या शब्दापाशी मी अडखळतो. चारचौघांसारखा न वागणाऱ्याला ‘ठाण्याला पाठवा’ असे म्हणताना आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९०१ पासून ठाण्यात असलेल्या मनोरुग्णालयामुळे आमच्या शहराचे नावच टिंगलीचे झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मात्र स्पष्ट म्हटले आहे की, समाजातील प्रचलित नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

कायदा दारापर्यंत येतो. आतले आपल्याला करावे लागते. आमच्या नौपाड्यातील सोसायटीत एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. गणपतीत झांजा सुरू झाल्या की तो जिन्याखाली कानांवर तळवे दाबून बसत असे. गेल्या वर्षी सकाळची आरती झांजांविना, हलक्या आवाजात म्हणायचे ठरले. दुसऱ्याच दिवशी तो आला आणि तबकाच्या कडेला बोट लावून शेवटपर्यंत उभा राहिला. संध्याकाळची आरती पूर्वीसारखीच दणक्यात होते. हे सुचवायला त्याच्या आईला चार वर्षे धीर झाला नव्हता. उद्याच्या समाजात अशा आईला आधी शेजाऱ्यांनीच येऊन विचारावे, एवढी माझी अपेक्षा आहे.