घराण्यात शुगर आहे, मग जीन टेस्टवर पैसे घालावेत का?

केळीवाला_रावेर
आमच्या भावकीत चाळिशी ओलांडली की शुगर निघते, हे ठरलेलंच. आता एक खासगी लॅब लाळेचा नमुना नेऊन डायबेटिसचा जनुकीय धोका सांगते म्हणे. पुतण्यांना ती टेस्ट करायची आहे. माझा ठाम विरोध आहे. टाइप 2 डायबेटिस एका जीनने होत नाही, शेकडो बदल थोडाथोडा हातभार लावतात. त्यातला सगळ्यात वजनदार समजला जातो तो 2006 साली सापडलेला टीसीएफ7एल2 या जीनमधला बदल. त्याची एक प्रत (आई किंवा बाप, एकाकडूनच आलेली) असेल तर धोका दीडपटीच्या आतबाहेर, दोन असतील तर साधारण दुप्पट. बाप आणि काका दोघं इन्सुलिनवर असताना हे सांगायला लॅब कशाला?

धुळेकर_केमिस्ट
भाऊ, एकाच घरात एकाला तिशीत शुगर येते, सख्ख्या भावाला साठीतही नाही. आईबापाचे जीन सगळ्या भावंडांत सारखे वाटले जात नाहीत. ‘घराण्यात आहे’ म्हणून तुम्ही सगळ्यांना एकाच पंगतीला बसवता. टेस्ट माणसागणिक सांगते. आणि स्वतःच्या नावाचा कागद हातात आला की माणूस शेवभाजीची तर्री कमी करतो.

केळीवाला_रावेर
करतो का, हाच प्रश्न आहे. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अभ्यासात वजन 7 टक्के उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढं ध्येय होतं. सुमारे तीन वर्षांत नवीन डायबेटिस 58 टक्क्यांनी कमी झाला. पुढे त्याच लोकांचे जीन तपासले, तर टीसीएफ7एल2 च्या दोन्ही धोक्याच्या प्रती असलेल्यांनाही फायदा झालेला. रिपोर्ट काहीही येवो, सल्ला तोच. उलट ‘धोका कमी’ आला तर पोरं चालायचं सोडतील, याची मला भीती वाटते.

सिस्टर_धडगाव
दादा, शुगरपायी सगळ्याच तपासण्यांना नावं ठेवू नका. आमच्या सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एकच अक्षर बदलतं. ते एकाच पालकाकडून आलं तर माणूस वाहक. बहुतेक वेळा ठणठणीत, शिवाय लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव. मलेरियाच्या मुलखात हा बदल टिकला तो त्यामुळेच. पण नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात 25 टक्के शक्यता आजारी बाळाची. वर्षाच्या आतलं लेकरू, हातापायाची बोटं टम्म सुजलेली, कुणी उचललं तरी किंचाळतं, आणि आई ‘मुका मार लागला असेल’ म्हणते; असतं ते सिकलसेलचं दुखणं. ही तपासणी लाळेची नाही, बोटातल्या रक्ताच्या थेंबाची. आधी सोल्युबिलिटी ही साधी चाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. सोयरीक जुळवण्याआधी दोघांची करा.

शहादा_पपई
ताईंनं म्हणनं खरं शे. पण लाळेच्या टेस्टचं गणित मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसवलेलं असतं, आपल्यावर ते तेवढं अचूक लागत नाही. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही पोटात चरबी आणि शुगर असते, ते कमरेचा टेप लवकर सांगतो.

धुळेकर_केमिस्ट
तरी सरसकट ‘नको’ मला पटत नाही. एमवायबीपीसी3 जीनमधली 25 अक्षरं गळालेला बदल दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत आहे, आणि त्याने हृदयाच्या स्नायूचा आजार होण्याचा धोका वाढतो. घरातला तरणाताठा माणूस अचानक गेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारून अशी तपासणी करायलाच हवी. शुगरचं म्हणाल, तर पुतणे सज्ञान आहेत, पैसे त्यांचे आहेत. तुम्ही त्यांना आधी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करायला लावा, पण टेस्टला आडवे येऊ नका.