एकटी घरं आणि एकटी माणसं
३० टक्के घरं एकट्यांची, म्हणजे जवळपास दर तिसरा प्रौढ एकटा राहतो, हा हिशेब चुकतोय. घरांची टक्केवारी माणसांना लावता येत नाही. १० घरं घ्या: ३ घरांत एकेक जण, ७ घरांत प्रत्येकी ३ प्रौढ. एकूण प्रौढ २४, त्यातले एकटे ३, म्हणजे फक्त साडेबारा टक्के! वयोगटांची तुलना करताना तर छेदात त्या वयाची माणसंच हवीत.

वयाच्या ८० वर्षांपुढच्या गटात आणखी एक गोम आहे, तिच्याकडे कृपया लक्ष द्या. वृद्धाश्रमात राहणारे बऱ्याच कौटुंबिक पाहण्यांत धरलेलेच नसतात. ते छेदातून गळाले की उरलेल्यांत एकट्यांचा वाटा आपोआप फुगतो.